खेळ प्रकृतीचा

शरीर म्हणजे हार्डवेअर आणि आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर, ही उपमा प्रथम कोणाच्या मुखातून बाहेर पडली याचा शोध लागणे आता दुरापास्त आहे. परंतु गणेशोत्सवातील व्याख्यानांतून, सप्ताहातील कीर्तनांतून आणि सेवानिवृत्त प्राध्यापकांच्या प्रवचनांतून ती इतकी रुळली आहे, की तिचा उच्चार होताच श्रोतृवर्ग माना डोलावतो आणि वक्ता, प्रमेय सिद्ध झाल्याच्या समाधानाने, पुढच्या ओवीकडे वळतो. या उपमेचा मोह मला समजतो. जे फुटते, तापते, गंजते ते शरीर, आणि जे हाती लागत नाही, पण ज्याच्यावाचून यंत्र निश्चेष्ट पडते तो आत्मा, ही विभागणी दिसावयास सुबक आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांच्या दृष्टांताशी ती बेमालूम जुळतेही, कारण जुना संगणक मोडीत गेला, नवा आला आणि त्यावर तोच कार्यक्रम पुन्हा चढवला, की देहांतर झाले असे म्हणण्याची सोय होते. तथापि ज्याने आपल्या हाताने यंत्र उघडले आहे, आणि ज्याने सांख्यकारिका निदान एकदा तरी शेवटपर्यंत वाचली आहे, अशा मनुष्याला ही उपमा पचणे कठीण आहे. मी ही दोन्ही कामे थोडीबहुत केली आहेत, आणि दोहोंपैकी पहिले मला अधिक आवडते, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

सांख्यांनी विश्वाची मांडणी पंचवीस तत्त्वांत केली आणि त्यांपैकी चोवीस तत्त्वे प्रकृतीच्या खात्यावर टाकून एकट्या पुरुषाला वेगळे काढले, हे सर्वश्रुत आहे. पण या वाटणीतील खरी धिटाई कोठे आहे, तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रकृतीच्या वाट्याला केवळ माती, पाणी आणि वायू आले नाहीत. मन, अहंकार आणि प्रत्यक्ष निर्णय करणारी बुद्धीसुद्धा तिच्याच पदरात पडली. विचार करणे, तुलना करणे, स्मरण ठेवणे, निश्चयाला येणे, या सर्व क्रिया जडाच्या आहेत आणि चैतन्याचे काम त्या प्रकाशित करणे एवढेच आहे, असे जेव्हा ईश्वरकृष्णासारखा ग्रंथकार सांगतो, तेव्हा ते ऐकून मागच्या पिढ्यांतील विद्यार्थी गोंधळून जात असले पाहिजेत, कारण विचार करणारे जड त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. आम्ही ते रोज पाहतो. सॉफ्टवेअर म्हणजे तरी दुसरे काय? तबकडीवरच्या चुंबकित ठिपक्यांची, किंवा हल्लीच्या एसएसडीत कोंडून ठेवलेल्या विद्युत्कणांची एक विशिष्ट रचना, जी हिशेब करते, निवड करते, आठवण ठेवते, आणि यांपैकी काहीही आपण करीत आहोत याची जिला तिळमात्र वार्ता नसते. ते सूक्ष्म आहे यात संशय नाही. पण सूक्ष्म म्हणजे चेतन नव्हे. प्रवचनकारांना ते लिंगशरीर म्हणावयाचे असेल, संस्कारांचे गाठोडे घेऊन एका देहातून दुसऱ्या देहात जाणारे ते सतरा-अठरा अवयवांचे सूक्ष्म शरीर म्हणावयाचे असेल, तर माझी फारशी हरकत नाही. आत्मा मात्र म्हणू नये.

या आग्रहाला स्थानिक कारणही आहे. आमच्या पेण तालुक्यातील गागोदे या गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेल्या विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचने दिली आणि जी साने गुरुजींनी उतरून घेतली, त्यांत दुसऱ्या अध्यायाचा गाभा त्यांनी तीन सिद्धांतांत मांडला आहे: आत्म्याची अमरता व अखंडता, देहाची क्षुद्रता आणि स्वधर्माची अबाध्यता. यांतील अखंडतेची कसोटी सॉफ्टवेअरला लावून पाहावी. त्याच्याइतकी खंडित वस्तू जगात दुसरी मिळणार नाही. त्याला आवृत्त्या असतात, आवृत्त्यांना उपआवृत्त्या असतात, प्रसिद्ध झाल्याच्या दिवशीच त्याच्या दुरुस्त्या निघतात, आणि आठवड्यागणिक त्यात फेरफार होऊन कालचे ते आजचे राहत नाही. काही खेळ तर असे, की विकत घेतल्यावर पहिल्या रात्री खेळण्याऐवजी दुरुस्त्या उतरवून घेण्यातच जागावे लागते. ज्याला शस्त्रे छेदीत नाहीत, त्याच्या जागी ज्याला दर पंधरवड्यास ठिगळ लागते ते नेऊन बसवणे, हे विनोबांच्या तालुक्यात तरी होऊ नये. आणि 1920 साली शेजारच्या रोह्यात जन्मून ज्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी पुढे गीतेच्याच आधारावर एवढा मोठा स्वाध्याय परिवार उभा केला, त्यांच्या गावीही होऊ नये.

आत्मपदाचा दुसरा एक उमेदवार कधी कधी पुढे केला जातो, तो म्हणजे वीज. घटाघटांत एकच आकाश, त्याप्रमाणे पंख्यात, दिव्यात आणि संगणकात एकच वीज, उपाधी भिन्न म्हणून कार्ये भिन्न, असा हा युक्तिवाद सॉफ्टवेअरच्या उपमेपेक्षा पुष्कळ बरा आहे आणि वेदान्ताच्या अधिक जवळचा आहे. परंतु ज्या आत्म्याचे महावितरणकडून मासिक देयक येते आणि पावसाळ्यात ज्याचा दाब कमीजास्त होतो, त्याला निर्विकार म्हणताना जीभ अडखळते.

देहाच्या क्षुद्रतेबद्दल मात्र, विनोबांविषयी पूर्ण आदर ठेवून, संगणकाच्या शौकिनाला थोडे वेगळे बोलावे लागेल. यंत्राच्या देहाची ज्याने हेळसांड केली, त्याला यंत्राच्या मनाचे सुख कधी मिळत नाही. पेणसारख्या गावात, जेथे खाडीवरून येणारा वारा खारट आहे, जेथे चार महिने हवेतील ओल कशातही शिरते, आणि जेथे गणपतीच्या कारखान्यांच्या परिसरात पांढरी धूळ वर्षभर तरंगत असते, तेथे संगणक बाळगणे हे एक व्रतच आहे. पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत साचलेली ती धूळ ब्लोअरने उडवणे, वाळून खडबडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावणे, रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासून पुन्हा बसवणे, ही नित्यकर्मे आहेत आणि त्यांना सुट्टी नाही. शिवाय या शास्त्रात एक नीतीही आहे, जी तरुण गिऱ्हाइकांच्या गळी उतरवणे कठीण जाते: पैसा प्रथम एसएमपीएसवर घालावा, मग दिसणाऱ्या गोष्टींवर. काचेच्या कॅबिनेटमध्ये सप्तरंगी दिवे लावलेले, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मोठ्या हौसेने आणलेले ग्राफिक्स कार्ड, आणि त्याला वीज पुरवणारी पेटी मात्र दुकानदाराने फुकट दिलेली, ही विसंगती मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे, की तिला मनुष्यस्वभावाचा एक स्थायी दोष मानणेच योग्य. प्रोसेसर दुबळा आणि ग्राफिक्स कार्ड बलाढ्य असेल, तर बलाढ्य हात बांधून उभा राहतो. यंत्रात जो सर्वांत मंद, त्याच्या गतीने सर्वांना चालावे लागते. समत्वाला गीतेने योग म्हटले आहे; संगणक जुळवणाऱ्याला त्याचा अर्थ पहिल्याच यंत्रात कळतो.

आणि तरीही या देहाची वाढ पाहून मन स्तिमित होते. गॉर्डन मूर यांनी 1965 साली एका लेखात असे भाकीत केले होते, की एका चकतीवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल; दहा वर्षांनी त्यांनी ती मुदत दोन वर्षांची केली. 1989 साली निघालेल्या 486 प्रोसेसरमध्ये सुमारे 12 लाख ट्रान्झिस्टर होते. 2022 साली बाजारात आलेल्या आरटीएक्स 4090 या ग्राफिक्स कार्डाच्या एकाच चकतीत ते 7,600 कोटींहून अधिक आहेत, त्याच्या गणन-घटकांची संख्या 16,384 आहे, आणि ते एकटे 450 वॅटपर्यंत वीज पिते. एवढे मिळूनही शौकिनाची तृप्ती होत नाही, कारण कार्ड येण्याच्या आधीच पुढच्या कार्डाची बातमी आलेली असते आणि खेळ लिहिणारे, मोकळी जागा दिसली की ती भरून काढावी या न्यायाने, शंभर जीबीच्या वरचे खेळ लिहून ठेवतात. ययातीने पुत्राचे तारुण्य मागून घेतले, ते भोगले आणि शेवटी भोगाने वासना शमत नाही असा कबुलीजबाब दिला. आमच्या शौकिनांत तेवढा प्रामाणिकपणा दिसत नाही. ते दरवेळी हे शेवटचेच असे म्हणतात. जुने कार्ड धाकट्या भावाला देऊन त्याच्याकडून पैसे घेण्याची पद्धत पाहिली, की पुरूची कथा येथे उलटी वाचावी लागते एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हार्डवेअर जड, सॉफ्टवेअर जड आणि वीजही जड, तर या सर्व व्यवहारात चेतन कोठे आहे? उत्तर सोपे आहे, इतके सोपे की प्रवचनात त्याचा विसर पडतो: चेतन खुर्चीत बसलेले आहे. सांख्यांचा पंग्वंधन्याय येथे जसा लागू पडतो, तसा दुसरीकडे क्वचितच पडत असेल. आंधळ्याला पाय आहेत पण डोळे नाहीत, पांगळ्याला डोळे आहेत पण पाय नाहीत, आणि पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसला की दोघांचा प्रवास होतो. पडद्यावरच्या जगात खेळाडूला स्वतःचे पाऊलही टाकता येत नाही. यंत्र तेथे दौडू शकते, उडू शकते, तलवार चालवू शकते, पण त्याला त्यातले काहीही दिसत नाही. ग्राफिक्स कार्डाने एका क्षणात लाखो बिंदूंचे रंग ठरवले, तरी सूर्यास्त पाहिला असे त्याच्याविषयी म्हणता येणार नाही.

पण हा पाहणारा पांगळा खांद्यावर बसून स्वस्थ राहत नाही. कोणत्याही गावातील, कोणत्याही पिढीतील मूल खेळताना पाहावे, पडद्यावरचा मावळा दरीत कोसळला की ते ओरडते, "मी मेलो!" माझे पात्र मेले असे कोणी म्हणत नाही. गाडी आपटली की "मला लागलं," शत्रू मागे आला की "माझ्या मागे आहे." शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच अध्यासाचे विवेचन करताना हेच दाखवले आहे: देहाचे धर्म आत्म्यावर लादून मनुष्य मी लठ्ठ, मी कृश, मी गोरा असे म्हणतो, आणि इंद्रियांचे धर्म लादून मी मुका, मी बहिरा, मी आंधळा असे म्हणतो, आणि हा अध्यास नैसर्गिक आहे, अनादी आहे, सर्व लोकव्यवहार त्यावरच चालतो. आचार्यांना आपल्या सिद्धांतासाठी दोरी आणि शिंपला यांच्यावर भागवावे लागले. दोरीवर भासलेला साप दिवा आणताच नाहीसा होतो. खेळाची गोष्ट तशी नाही. खेळणाऱ्याला पहिल्या क्षणापासून पक्के ठाऊक असते की ते पात्र म्हणजे मी नव्हे, आणि तरीही छातीची धडधड वाढते, तळहाताला घाम येतो. ज्ञान असूनही अध्यास टिकतो, ही खेळाने पुढे आणलेली अडचण अद्वैत्याने मनावर घेण्यासारखी आहे. जीवन्मुक्ताची संसारातील वागणूक समजून घ्यावयाची असेल, तर ग्रंथांतील कुंभाराच्या चाकाच्या बरोबरीने त्याने शेजारच्या मुलालाही पाहावे.

याहून खोल असा एक प्रसंग एका जुन्या खेळाच्या अंतर्रचनेत दडलेला आहे, आणि माझ्या मते संगणकाने कर्मविचाराला दिलेले सर्वांत मोलाचे उदाहरण तेच आहे. 10 डिसेंबर 1993 रोजी टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या लहानशा मंडळीने डूम नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याचे कथानक सांगण्यासारखे नाही. मंगळाच्या उपग्रहांवर अवतरलेल्या राक्षसांना बंदुकीने मारणे एवढाच त्याचा विषय. तो 386 प्रोसेसर आणि चार एमबी रॅम एवढ्या सामग्रीवर चाले. 1997 च्या डिसेंबरात त्याच्या कर्त्यांनी मूळ संहिता सर्वांना खुली केली, आणि ज्यांनी ती वाचली त्यांना तीत दैव सापडले. ही अतिशयोक्ती नव्हे. गोळी किती लागली, राक्षस कोणत्या बाजूस वळला, घाव हलका बसला की जिव्हारी, या सर्व यदृच्छेच्या गोष्टींसाठी त्या संहितेत 256 संख्यांचा एक तक्ता लिहून ठेवलेला आहे. प्रसंग आला की तक्त्यातील पुढची संख्या घ्यावयाची. तक्ता संपला की पुन्हा प्रारंभापासून. प्रत्येक नव्या खेळाच्या आरंभी बोट पुन्हा पहिल्या ओळीवर. म्हणजे जगातील सर्व खेळाडूंच्या ललाटी तीच अक्षरे, त्याच क्रमाने, आधीच लिहिलेली. आणि तरीही कोणाचे दोन खेळ सारखे होत नाहीत, कारण कोणती संख्या कोणाच्या वाट्याला यावी हे खेळणाऱ्याच्या हालचालीवर ठरते. एक गोळी अधिक झाडली, की पुढची सर्व रांग एका घराने सरकते आणि जो घाव राक्षसाला बसावयाचा तो आपल्याला बसतो. दैव संपूर्ण नियत आणि त्याचे वाटप कर्माधीन, असा हा बंदोबस्त आहे. दैव की पुरुषकार या वादावर आपल्याकडे जी ग्रंथरचना झाली, तीत या दोहोंचा मेळ घालण्याचे प्रयत्न पुष्कळ आहेत. पण इतका स्वच्छ मेळ मी अन्यत्र पाहिलेला नाही.

त्याच खेळात आपला खेळ नोंदवून ठेवण्याची सोय होती, आणि ती नोंद चित्रांची नसे. सेकंदाला 35 वेळा, खेळाडू पुढे गेला की मागे, किती वळला, कोणती कळ दाबली, एवढीच चार बाइटांची टिपणी दप्तरी पडे. पुढे ती नोंद यंत्राला दिली, की यंत्र तो खेळ नव्याने खेळे, आणि तोच तक्ता, तीच कर्मे, म्हणून तोच परिणाम, अगदी शेवटच्या ठिणगीपर्यंत, पुन्हा घडे. यंत्र दुबळे असले तर चित्र अडखळत दिसे, पण कथा बदलत नसे, कारण त्या जगाचे सगळे गणित पूर्णांकांवर बेतलेले होते आणि गणकयंत्राच्या वेगाला त्या हिशेबात हात घालू दिलेला नव्हता. देहाच्या दौर्बल्याने दर्शन मंदावते, घटना मात्र ढळत नाही. हार्डवेअरचा शौकीन म्हणून हे वाचताना मला थोडे खट्टू व्हावे लागले. मात्र तीच नोंद खेळाच्या भिन्न आवृत्तीवर चालवली, आणि त्या आवृत्तीत एखादा नियम किंचित जरी बदललेला असला, की नायक भलत्याच भिंतीवर डोके आपटीत राहतो आणि मोकळ्या हवेत गोळ्या झाडतो. कर्मे तीच, जग निराळे. धर्मशास्त्रकारांनी कलिवर्ज्य प्रकरण का लिहिले असावे, याची कल्पना त्या केविलवाण्या नायकाकडे पाहून येते.

परंतु खरा धक्का पुढे आहे. ती नोंद पडद्यावर चालू असता खुर्ची रिकामी असते. कळा दाबणारा कोणी नसतो, भिणारा नसतो, जिंकणारा नसतो. आणि घटनांच्या मालिकेत कशाचीही उणीव नसते. मग प्रथम खेळताना त्या खुर्चीतील मनुष्याने काय केले? सांख्य म्हणेल, काहीच नाही. पुरुष अकर्ता आहे, कळा बुद्धीने दाबल्या, तो केवळ साक्षी होता. येथे मला गीतेचा अठरावा अध्याय अधिक समंजस वाटतो. त्यात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. संगणक हे अधिष्ठान, कीबोर्ड आणि माउस ही करणे, बोटांची धावपळ ही चेष्टा, 256 संख्यांचा तक्ता हे दैव. आणि कर्ता या पाचांपैकी एक आहे, शून्य नाही आणि सर्वस्वही नाही. केवळ आत्म्यालाच जो कर्ता मानतो तो नीट पाहत नाही, असे त्यानंतर लगेच म्हटले आहे; पण कर्त्याचे नाव यादीतून खोडलेले नाही. नोंद पुन्हा चालते ती कोणीतरी एकदा खेळला होता म्हणून. मात्र तिच्या पुनरावृत्तीत जे हरवते, ते घटनांत शोधून सापडत नाही. ते भय होते, उत्कंठा होती, आणि ती कोणत्याही चार बाइटांत मावलेली नव्हती.

दैवाचा एक प्रकार मात्र कोणत्याही तक्त्यात नसतो. अंतराळातून येणाऱ्या किरणांच्या माऱ्याने निर्माण झालेला एखादा कण स्मृतिपटलावरच्या एका घरावर आदळला, तर तेथील शून्याचा एक होऊ शकतो, आणि यंत्राला त्याची दाद लागत नाही. मे 2003 मध्ये बेल्जियममधील स्खारबेक येथील निवडणुकीत एका उमेदवाराला 4,096 मते अधिक पडल्याचे आढळले. ही संख्या दोनाचा बारावा घात आहे, म्हणजे एकच घर उलटले तर जेवढा फरक पडेल तेवढी, आणि चौकशीत दुसरे कारण न मिळाल्याने अशा किरणाचाच संशय तज्ज्ञांनी घेतला. आपल्या परंपरेने तापांचे तीन प्रकार केले, त्यांतील आधिदैविक हा प्रकार आधुनिक वाचकाला नेहमी संकोचात टाकतो. संगणकाच्या बाबतीत तरी संकोचाचे कारण उरलेले नाही; आकाशातून आलेल्या पीडेसाठी स्वतंत्र प्रतिबंधक रॅम बाजारात मिळते, तिला ईसीसी म्हणतात, आणि ती महाग असते.

लिंगशरीराच्या उपमेला मी मघाशी अर्धवट संमती दिली होती. तिच्यातील वैगुण्य पेणकराला विशेष जाणवते. सॉफ्टवेअरची नक्कल होते, आणि अस्सल व नक्कल यांत अणुमात्र फरक राहत नाही; एकाच क्षणी तोच खेळ दहा हजार यंत्रांत नांदतो. लिंगशरीर मात्र एका वेळी एकाच देहात जाते, नाहीतर कर्मफलाचा हिशेबच कोलमडेल. पेण, हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांतील कारखान्यांत एका साच्यातून शेकडो गणपती निघतात, सातासमुद्रांपलीकडे रवाना होतात, आणि एकसारखे दिसणाऱ्या त्या मूर्तींपैकी एकीलाही कारागीर देव समजून वागवीत नाही. तो तिला घासतो, पाय तिच्या शेजारून टाकतो, शेवटी डोळ्यांची आखणी करतो आणि गिऱ्हाइकाशी दराची घासाघीस करतो. देव येतो तो भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, ज्याच्या त्याच्या घरी, प्राणप्रतिष्ठेच्या वेळी. साच्याची नक्कल निघते, प्रतिष्ठेची निघत नाही. त्याचप्रमाणे खेळाच्या लाखो प्रती सारख्याच असल्या, तरी खेळणे प्रत्येक घरी नव्याने घडावे लागते, आणि ते ज्याचे त्यालाच घडते.

आवाहन आहे तसे विसर्जनही आहे, आणि येथे खेळ विकणाऱ्या कंपन्यांना धर्मशास्त्राकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आपण पूर्वी डबा विकत घेत होतो, आता बहुधा केवळ वहिवाटीचा परवाना घेतो. मालकी सनद देणाऱ्याकडेच राहते. युबिसॉफ्ट कंपनीचा 2014 साली निघालेला द क्रू हा मोटारींचा खेळ एकट्याने खेळावयाचा असला तरी कंपनीच्या सर्व्हरवाचून चालत नसे. 31 मार्च 2024 रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्या तबकड्या केवळ प्लॅस्टिक होऊन पडल्या. त्यावर युरोपात आणि अमेरिकेत ओरड झाली, आणि 2025 च्या आरंभापासून कॅलिफोर्नियात असा कायदा अंमलात आला, की परवाना विकताना तो परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. उत्तरपूजेत आपण देवाला निरोप देतो, मूर्ती जागेवरून किंचित हलवतो, आणि त्यानंतर ती मृत्तिका होते; पण हे करण्याचा अधिकार यजमानाचा असतो. मूर्तिकाराने आपल्या कारखान्यातून एके दिवशी सूत्र ओढून घरोघरच्या मखरांतील देवत्व काढून घ्यावे, अशी व्यवस्था कोणत्याही धर्मसिंधूत सापडणार नाही.

इतके सगळे प्रकृतीचे आणि अध्यासाचे असेल, तर खेळावे का? प्रश्न पालकांचा आहे तसा दार्शनिकांचाही आहे. ब्रह्मसूत्रांत तो ईश्वराविषयी विचारला गेला: ज्याला काही मिळवावयाचे नाही तो जग निर्माण कशाला करील? त्यावर केवळ लीला म्हणून, असे उत्तर दिले आहे, आणि आचार्यांनी ज्याच्या सर्व इच्छा पुरल्या आहेत अशा राजाच्या क्रीडेचा आणि श्वासोच्छ्वासाचा दाखला जोडला आहे. ज्ञानदेव आणखी पुढे गेले. अमृतानुभवात त्यांनी अज्ञानाचेच खंडन करून हे दृश्य चैतन्याचा विलास ठरवले, आणि मोक्षपटाच्या खेळाची परंपरा त्यांच्याच नावाशी जोडली जाते हे मला योगायोगाचे वाटत नाही. म्हणून ज्या खेळात जिंकून काही मिळत नाही आणि हरून काही जात नाही, त्याला मी नावे ठेवणार नाही, मग त्यात रात्र गेली तरी चालेल. पण निष्प्रयोजनता ही लीलेची अट आहे, आणि तीच अट मोडणारे खेळ गेल्या काही वर्षांत मोबाइलवर माजले होते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, तेव्हा पुष्कळांनी कौशल्य आणि नशीब यांची काथ्याकूट केली. मला तो वाद गौण वाटला. धर्मराजालाही द्यूताची हौस होती आणि शकुनीजवळ कौशल्य होते. प्रश्न द्रौपदीने विचारला तो वेगळाच होता. त्याने आधी स्वतःला हरले की मला, असे तिने सभेला विचारले. खेळणारा स्वतःच डावात गेला, तर पुढचा डाव कोण खेळला? भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून निवाडा टाळला. मी त्या सभेत असतो तर निवाडा दिला असता, आणि तो द्रौपदीच्या बाजूने दिला असता.